पडताळेकाकांचं मत

पडताळेकाकांनी एकदा वाचनालयाच्या भर निवडणुकीत, रांगेत नंबर आलेल्या स्वतःच्या बायकोला विचारलं होतं, "तुमचं आजोळ कोणतं?" काकू म्हणाल्या, "चुलीत गेलं माझं आजोळ. सकाळी चहा कोणी देल्ला तुमाले?" काका म्हणाले, "उत्तर जुळत नाही. बाजूला उभ्या राहा. पुढचे या." दहा-बारा माणसं मत देऊन जाईपर्यंत काकू खरोखरच भिंतीला टेकून उभ्या होत्या. शेवटी दात-ओठ खात "भंडारा" म्हणाल्या, तेव्हा कुठे त्यांना मतपत्रिका मिळाली. त्या दिवशी घरी काकांच्या ताटात काय पडलं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते कोणी वापरत नसे. ओळख पडताळल्याशिवाय ते कोणाला पुढे सरकू देत नसत, म्हणून ते पडताळे. रायपूरच्या सदर बाजारामागच्या एका गल्लीत आमचं लहानसं मराठी वाचनालय होतं. खाली वाचनकक्ष, वर गणपतीला आणि हळदीकुंकवाला उपयोगी पडणारा हॉल. दर तीन वर्षांनी त्याच्या कार्यकारिणीची निवडणूक होई. भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेली घरं एका बाजूला आणि आमच्यासारखी रेल्वेच्या नोकरीमागे विदर्भातून आलेली दुसऱ्या बाजूला, अशी चुरस असायची की विचारू नका. चार कपाटांच्या किल्ल्यांसाठी माणसं वर्ष-वर्ष एकमेकांशी बोलत नसत. या सगळ्याचे निवडणूक अधिकारी जवळजवळ तीस वर्षं पडताळेकाका होते, आणि दोन्ही बाजू त्यांच्यावर सारख्याच चिडलेल्या असत.

आजोळच का विचारता, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "हे पाह्य," ते म्हणाले, "आडनाव एक असते, गाव एक असते, घराचा पत्ताही एकच असते. चुलत भाऊ चुलत भावाचं मत टाकाले येते तवा हे सगळं पाठ करून येते. आजोळ ज्याचं त्याचं." एकदा एक भारदस्त गृहस्थ नागपूरला गेलेल्या चुलत भावाच्या नावावर मत द्यायला आले. काकांनी आजोळ विचारलं. ते ऐटीत म्हणाले, "पुलगाव." काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे तुमचं झालं. आता ज्याचं नाव सांगून राहिले त्याचं सांगा." गृहस्थ जे गेले ते पुढची दोन वर्षं वाचनालयाकडे फिरकले नाहीत. सख्ख्या भावांचं काय, असं मी विचारलं तर काका हसले. "त्यायले मी मामाच्या लग्नाचं विचारतो. कोणता तरी एक भाऊ तवा रुसला राहतेच."

अठराव्या वर्षी मी सभासद झालो आणि पहिल्यांदा मत द्यायला गेलो. काकांचं घर आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमच्या घराला लागून होतं. मी मॅट्रिक पास झाल्याचं पत्र माझ्या आजोळी, आईच्या वडिलांना, त्यांनीच लिहिलं होतं, कारण माझ्या वडिलांचं अक्षर वाचता येत नसे. तरी मान वर न करता त्यांनी विचारलं, "आजोळ?" मी म्हटलं, "काका, तुम्हीच तर तिथे पत्र लिहिलंत." ते म्हणाले, "तो मी घरचा. हा मी टेबलावरचा. आजोळ?" मी "आर्वी" म्हणालो. त्यांनी यादीत माझ्या नावापुढे बारीक अक्षरात "ओळख पटली" लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. प्रत्येक नावापुढे ते अशी सही करत. तीनशे-साडेतीनशे सह्या करून संध्याकाळी त्यांचा अंगठा सुजायचा. कोणीतरी म्हटलं, नुसती टिकमार्क करा ना. काका म्हणाले, "उद्या कोणी म्हणलं हे मत खोट्या माणसानं टाकलं, तर तो कोणाले धरीन? हा तोच आहे असं मी म्हणलं ना? मंग चुकलं तर नाव माझं."

नोकरीनं ते अभनपूरच्या तहसील कचेरीत कारकून होते. सरकारी निवडणुकांची ड्यूटी आली की बाकीचे कारकून आजारी पडत, हे मात्र आठ दिवस आधीपासून धोतराला इस्त्री करून ठेवत. अभनपूरजवळच्या एका खेड्यातली गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. एक म्हातारी पडद्यामागे गेली आणि तिथूनच ओरडली, "साहेब, तैं बता ना, कोन म दबाना हे?" कोणतं बटण दाबायचं ते तूच सांग, असं. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हातारीनं पुन्हा विचारलं, मग आळवलं, मग शिव्या दिल्या. काका भिंतच बघत होते. रांग खोळंबली, बाहेर आरडाओरडा झाला. अखेर बटणाचा आवाज आला आणि म्हातारी त्यांच्या अंगावर एक शेवटची शिवी फेकून निघून गेली. "पण मत तिचं तिनं देल्लं," काका म्हणायचे. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा पराक्रम होता आणि तो ऐकताना आम्ही मनातल्या मनात हसायचो.

स्वतःचं मत त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्सं झाली, यायनं कोणाले मत देल्लं मले माहीत नाही. मी कोणाले देते हेही यायनं कधी विचारलं नाही. बाकी वरणात हिंग काहून कमी हे रोज विचारतात." वाचनालयाच्या निवडणुकीची पेटी म्हणजे काकूंचा लाडवांचा पितळी डबा होता. त्याच्या झाकणाला काकांनी कसेऱ्याकडून फट पाडून आणली होती. काकूंनी त्यावर दोन दिवस अबोला धरला आणि मग दर निवडणुकीला स्वतःच चिंच लावून तो घासून देऊ लागल्या. आजारी सभासदांच्या घरी काका हा डबा घेऊन जात. खाटेवरच्या माणसाच्या हातात मतपत्रिका दिली की घरातल्या सगळ्यांना, अगदी सुनेला आणि नातवंडांनाही, अंगणात काढत. स्वतःही अंगणात उभे राहत. आतून हाक आली की मगच आत.

असा हा माणूस. आता मी काय केलं ते सांगतो.

मी संगणकाचं शिकलो, बंगळुरूला काही वर्षं राहिलो आणि परत येऊन रायपुरात स्वतःचं लहानसं काम सुरू केलं. सोसायट्या, संघटना, क्लब यांच्या निवडणुका मोबाइलवर घेण्याची एक प्रणाली मी आणि माझ्या दोन सोबत्यांनी बांधली. त्याच सुमारास वाचनालयाची इमारत एका बिल्डरला देऊन तिथे दुकानांचं संकुल उभारावं आणि वरच्या मजल्यावर एक खोली वाचनालयाला ठेवावी, असा ठराव अध्यक्षांनी आणला. घटनेप्रमाणे त्यावर सगळ्या सभासदांचं गुप्त मतदान हवं होतं. निम्मे सभासद पुण्या-हैदराबादला पांगलेले, उरलेले गुडघे धरून बसलेले. अध्यक्ष मला म्हणाले, "तुझं ते मोबाइलवालं लाव ना भैया. नाव होईल तुझं." मला तेच हवं होतं. मला दाखवायला एक निवडणूक हवी होती.

सभेत मी पडदा लावून समजावलं. समजा एकच वही सात जणांकडे आहे. एक ओळ लिहिली की ती सातही वह्यांत एकदम उमटते, आणि प्रत्येक ओळ मागच्या ओळीला अशी बांधलेली असते की मधली एक खोडली तर पुढच्या सगळ्या विस्कटतात आणि चोरी उघड होते. यालाच ब्लॉकचेन म्हणतात. एकदा पडलेलं मत मीसुद्धा बदलू शकत नाही. आणि मत देणारा खरा कोण? तर फोनवर आलेला आकडा टाकावा लागेल, ओळखपत्राच्या फोटोशी चेहरा जुळावा लागेल, डोळे दोनदा मिटून उघडावे लागतील. नुसता फोटो धरून चालणार नाही, जिवंत माणूस लागेल. शिवाय आपलं मत जसं दिलं तसंच नोंदलं गेलं, याची पावती प्रत्येकाला आपल्या फोनवर कधीही पाहता येईल. टाळ्या पडल्या. मलाही ते सगळं फार सुंदर वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

काका पहिल्या रांगेतून उठले. "इंजिनीर," ते मला याच नावानं हाक मारत, "डब्यात पडलेल्या मताचं तू चांगलं केलं. डब्यात पडायच्या आधीचं काय? जिवंत माणूस लागते म्हणतो. तो माणूस राजी आहे का, हे तुझं यंत्र पाहते का? अन् खोलीत त्याच्यासंगं कोण उभं आहे, हे?" मी म्हटलं, "काका, तेवढा विश्वास माणसांवर ठेवायला हवा." ते म्हणाले, "मंग यंत्र कायले पाहिजे?" लोक हसले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. काकांनी पुढे विचारलं, "अन् ही पावती. ज्याले पावती भेटते त्याले ती कोणाले तरी दाखवा लागते. आज माह्यापाशी कागद नाही, म्हणून मले कोणी 'दाखव' म्हणू शकत नाही."

यावर मी विनोद केला. म्हटलं, "काका, एक फायदा बघा. काकूंचा डबा आता लाडू ठेवायला मोकळा झाला." सभागृह खो-खो हसलं. काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. हे वाक्य तोंडातून निघता निघता मला ते आठवलं, पण हशा सुरू झाला होता आणि हशा मला आवडला होता. काका खाली बसले.

मतदार नोंदणी सुरू झाली तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्याकडे घरातल्या चार माणसांचा मिळून एक नंबर असतो. गॅसला तोच, बँकेला तोच, दवाखान्यातही तोच. म्हाताऱ्यांनी सरसकट मुलाचा नाहीतर सुनेचा नंबर दिला होता. माझ्या प्रणालीत एका फोनवरून एकच मत, अशी अट होती. ती ठेवली तर निम्मी यादी बाद होत होती. अध्यक्ष म्हणाले, "अरे घर में एकच फोन असते भैया. काढ ती अट." मी काढली. एका बटणाचं काम होतं. ज्या दाराचं कुलूप मी गावभर मिरवत होतो, त्याची किल्ली मी स्वतःच दाराला लटकवून ठेवली.

काकांकडे साधा, बटणांचा फोन होता. त्यांच्या नावापुढे नंबर होता त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा. प्रशांत शहराबाहेर, उरल्याला, एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर जायचा. वाईट माणूस नव्हता. पंधरा वर्षं तिथली धूळ आणि भट्टीची आच खाऊन कंटाळला होता, आणि नव्या संकुलात तळमजल्यावर एक गाळा त्याला मिळेल असं अध्यक्षांनी कबूल केलं होतं. असे कबूल केलेले गाळे संकुलातल्या गाळ्यांपेक्षा जास्त होते, हे मला नंतर कळलं.

मतदान आठवडाभर चालणार होतं. ज्यांच्याकडे चांगला फोन नाही त्यांच्यासाठी मी शेवटच्या दिवशी वाचनकक्षात टेबल मांडून बसलो होतो. दुपारी काका आले. परीटघडीचा सदरा, दाढी केलेली, कपाळाला बुक्का. रांग नव्हती, तरी ते टेबलापासून दोन हात लांब थांबले आणि मी "या" म्हटल्यावर पुढे आले. मी त्यांचं नाव टाकलं. पडद्यावर आलं, "आपण मतदान केलेले आहे."

"काका, तुमचं झालंय की."

"काय झालं?"

"मत. मंगळवारी सकाळी दिलंय तुम्ही. आकडा बरोबर, चेहरा जुळलाय, डोळे दोनदा मिटून उघडलेत."

"मी नाही देल्लं. मंगळवारी तं मी घरीच होतो. प्रशांतनं माह्या पेन्शनचं केलं, हयात असल्याचं. मांगच्या साली केलं होतं तसंच. खिडकीपाशी बसवलं, म्हणे, 'पापा, इधर देखो, आँखें बंद करो, खोलो...'"

आणि ते थांबले.

मी पडद्याकडे बघत राहिलो. त्यांच्याकडे बघण्याची माझी हिंमत नव्हती. काकांनी विचारलं, "मी काय मत देल्लं?"

चाळीस वर्षं ज्यांनी आपलं मत बायकोला सांगितलं नाही, ते मला आपलंच मत विचारत होते. मी म्हटलं, "ते मला दिसत नाही, काका. गुप्त असतं."

"तुले दिसत नाही. मलेही दिसत नाही. मंग कोणाले दिसते?"

"पावती ज्या फोनवर आहे त्याला."

त्यांनी मान डोलावली. सभेत त्यांनी हेच विचारलं होतं, पण ते त्यांनी काढून दाखवलं नाही. कुठलाही दुसरा माणूस दाखवल्याशिवाय राहिला नसता. मग म्हणाले, "खोड."

"खोडता येत नाही. पण लेखी तक्रार दिलीत तर मोजणीतून ते बाजूला ठेवता येईल. आणि असं किती जणांचं झालं, तेही तपासावं लागेल." मी छापील तक्रारपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मीच केलेलं होतं, व्यवस्थित रकाने आखून. काकांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात तारीख घातली, नाव घातलं, सभासद क्रमांक पाठ होता तो घातला. शेवटचा रकाना होता, "आपल्या नावे मतदान कोणी केले?" तिथे पेन थांबलं. मी वाट बघत होतो, आणि खरं सांगतो, तिथे ते थांबलेले पाहून मला हायसं वाटत होतं. ते प्रशांतचं नाव लिहिणार नाहीत हे मला दिसत होतं. आता ते कागद घडी करून खिशात घालतील, उठतील आणि माझी पहिली निवडणूक बिनबोभाट पार पडेल.

काकांनी लिहिलं. शांतपणे, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. माझं.

"काका, हे काय?"

"पोट्ट्यानं फोन धरला. हव, धरला. त्याचं मी घरी पाहीन. पण हा तोच माणूस आहे असं कोणी म्हणलं? त्यानं नाही म्हणलं, तू म्हणला. इतके वर्सं मी म्हणत होतो तवा सही माही होती. आता ओळख पटवाचं काम तू घेतलं, तं नाव तुझं." कागद माझ्याकडे सरकवून ते उठले. दारापाशी वळून एवढंच म्हणाले, "पोच दे लेका. तक्रारीची पोच द्या लागते."

मी पोच दिली नाही. म्हटलं, संध्याकाळी घरी आणून देतो. तो कागद मी टेबलाच्या खणात टाकला. पुढच्या महिन्यात मला दोन मोठ्या संस्थांपुढे जायचं होतं, आणि त्यांची पहिली अट हीच होती की आधीच्या मतदानाबद्दल एकही तक्रार नको. मी स्वतःला सांगितलं की एका मतानं काय होतं. निकाल लागला तेव्हा ठराव चांगल्या फरकानं मंजूर झाला होता. काकांचं मत इकडचं तिकडे झालं असतं तरी काही बदललं नसतं. पण तशी आणखी किती होती, हे पाहायला मी खण उघडायला हवा होता.

निकालाच्या सभेत अध्यक्षांनी वाचून दाखवलं, "मतदान शांततेत. तक्रारी, निरंक." मी मंचावर त्यांच्या शेजारी बसलो होतो. काका समोरच्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले असते तर माझी अब्रू तिथेच गेली असती. पण उठले असते तर चार लोकांनी पहिला प्रश्न विचारला असता, घरात फोन कोणी धरला? ते उठणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मुलाची लाज राखण्यासाठी बाप गप्प बसेल, या भरवशावर मी तिथे गळ्यात हार घालून बसलो होतो. प्रशांत मागच्या रांगेत मोबाइल बघत होता. आमच्या दोघांत चोर कोण, हे मला त्या दिवशी नक्की सांगता आलं असतं.

पुढे एकदा प्रशांत चहाच्या टपरीवर भेटला. आपणहून म्हणाला, "भैया, पापा से पूछता तो मानते क्या? मैंने तो बस फोन पकड़ा था।" काकांनी त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं, याचाच त्याला जास्त त्रास होत होता. त्या सकाळपासून काकांनी पुन्हा कधी फोनसमोर तोंड धरलं नाही. हयातीचा दाखला द्यायला ते रिक्षा करून बँकेत गेले, रांगेत उभे राहिले आणि माणसासमोर सही करून आले. नातीच्या वाढदिवसाला सगळ्यांचा फोटो काढताना ते भिंतीकडे वळले. नात रडली, तरी ते वळले नाहीत.

इमारत पाडायच्या आदल्या आठवड्यात ते माझ्या ऑफिसात आले. जिना चढून दमले होते. पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "यादीतून माझं नाव काढ."

"काका, त्या तक्रारीचं मी—"

"ते राहू दे. नाव काढ."

मी त्यांच्यासमोर काढलं. त्यांनी चष्मा लावून पडद्यावर आपलं नाव नसल्याची खात्री केली.

"अन् मत?"

"ते नाही निघत, काका."

"माणूस यादीत नाही, तरी?"

"तरी."

"कवापर्यंत राहीन ते?"

"कायमचं," मी म्हणालो. सभांमध्ये हा शब्द मी नेहमी जरा थांबून, आवाज चढवून म्हणायचो. त्या दिवशी तो मी कीबोर्डकडे बघत, घाईघाईनं म्हटला. काका गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि कठडा धरून एक-एक पायरी उतरत खाली गेले. मी सोडायला गेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याला हार घालायला फोटो सापडेना. अलीकडच्या सगळ्या फोटोंत त्यांची पाठ होती. शेवटी कचेरीच्या जुन्या ओळखपत्रावरचा काळापांढरा फोटो मोठा करून आणला. त्यात ते तिशीतले होते आणि आलेल्या बऱ्याच जणांनी ते कोण म्हणून विचारलं. प्रशांतचा गाळा अजून मिळायचा आहे. तो उरल्यालाच जातो.

ते तक्रारपत्र मी फाडलं नाही. फाडलं नाही याचंही श्रेय मी बरेच दिवस स्वतःला देत होतो. आता नव्या ऑफिसात, नव्या टेबलाच्या खणात ते आहे. माझी प्रणाली तीन जिल्ह्यांत चालते. परवा एका सहकारी संस्थेच्या बैठकीत एका वयस्क बाईंनी हात वर करून विचारलं, "आजपर्यंत कोणाचं मत दुसऱ्यानं दिल्याची तक्रार आली आहे का?" मी म्हटलं, "एकही नाही." पहिल्यांदा हे म्हणताना माझी जीभ अडखळली होती. परवा अडखळली नाही.